देवगडच्या काउंटरवरून पाहिलेला एक आठवडा

विचारलंय ते असं: "या आठवड्यात महाराष्ट्राने नेटवर काय शोधलं, अशा याद्या सारख्या येतात. त्यात क्रिकेट असतं, सिनेमा असतो, कोकण कुठेच नसतं. कोकण किनाऱ्यावरचा माणूस एका आठवड्यात नक्की काय शोधतो आणि का, हे अनुभवातून कोणी सांगेल का?"

सांगतो, पण एका तालुक्यापुरतं. देवगड तालुक्यातल्या एका बंदराच्या गावात माझं सुविधा केंद्र आहे. पाटीवर लांबलचक सरकारी नाव आहे. पण माणसं 'सायबर' म्हणतात, म्हाताऱ्या 'सेतू' म्हणतात आणि शाळेतली पोरं 'झेरॉक्स'. सतरा-अठरा वर्षं मी याच काउंटरमागे बसतोय. माझ्याकडे एक वही असते. तारीख, काम, पैसे, एवढेच रकाने. पुढे लिहिलंय ते या वहीवरून. कॉम्प्युटरची हिस्ट्री मी रोज रात्री पुसतो, आणि ती असती तरी इथे मांडली नसती.

आठवडा निवडलाय १९ ते २५ मे २०२५, सोमवार ते रविवार. मुद्दाम. त्या सात दिवसांत आमच्याकडे सगळं एकावर एक येऊन पडलं.

आधी याद्यांचं बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. गुगल ट्रेंड्स, म्हणजे कुठे काय शोधलं जातंय ते दाखवणारं गुगलचं पान, किती लोकांनी शोधलं हा आकडा देत नाही. निवडलेल्या भागात आणि काळात त्या शब्दाचा एकूण शोधांतला वाटा जेव्हा सर्वात जास्त होता, त्या क्षणाला १०० धरतात आणि बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतात. तेही सगळे शोध मोजून नाही, त्यातला नमुना घेऊन. शोध फार थोडे असतील तर सरळ शून्य दिसतं. आमच्या गावात पाचपन्नास माणसांनी एकाच दिवशी एकच गोष्ट शोधली तरी ती शून्यातच जाणार. त्यात कोणी 'पाऊस' लिहितो, कोणी रोमन अक्षरांत 'पाउस', कोणी 'देवगड रेन'. शब्द म्हणून पाहिलंत तर हे तीन वेगळे शोध. भर म्हणून मोबाईलच्या इंटरनेटचा पत्ता कित्येकदा मुंबईचा दिसतो. माझ्या काउंटरवर बसून हॉटेल शोधलं की जाहिराती अंधेरीच्या येतात. तेव्हा कोकण यादीत नाही याचा अर्थ कोकण शोधत नाही, असा घेऊ नका. ते मुंबईच्या खात्यावर जमा होतं.

आणि उलटंही खरं आहे. आमच्या गावाचं हवामान सगळ्यात जास्त कोण बघतं? गावातला माणूस दारात उभा राहून वर बघतो. मोबाईलवर बघतो नालासोपाऱ्याचा, डोंबिवलीचा, लालबागचा. त्याची आई इथे एकटी आहे, घरावर नळे आहेत आणि परसातला माड घराकडे झुकलाय. सोमवारी-मंगळवारी माझ्याकडे ज्या बायका आल्या त्यांच्यातल्या निम्म्या अशा, की मुंबईच्या मुलाने फोन करून सांगितलं, "आये, सायबरवाल्याक विचार, वादळ खरा हा काय?"

आता वादळाकडे येऊ, कारण त्या आठवड्याचा कणा तोच.

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होत होता आणि बातम्यांत एक नाव फिरायला लागलं: शक्ती चक्रीवादळ. नाव खोटं नव्हतं. उत्तर हिंद महासागरातल्या वादळांसाठी १३ देशांनी मिळून १६९ नावांची यादी केली आहे, २०२० साली जाहीर झालेली. त्यातलं पहिलं नाव बांगलादेशाचं 'निसर्ग'. ते ३ जून २०२० ला रायगडात जमिनीवर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या झोपवून गेलं. 'शक्ती' हे श्रीलंकेने दिलेलं नाव त्या वेळी रांगेत पुढे होतं. पण नाव मिळायला वारा ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे जावा लागतो. ३१ ते ४९ ला डिप्रेशन म्हणतात, ५० ते ६१ ला डीप डिप्रेशन. बारसं ६२ नंतर. त्या आठवड्यात समुद्रातलं प्रकरण डिप्रेशनपर्यंत गेलं आणि २४ तारखेला, शनिवारी, दुपारच्या सुमारास रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. म्हणजे मूल जन्मायच्या आधी पेढे वाटून झाले होते.

लोकांनी 'शक्ती वादळ' एवढं का शोधलं, तर २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते इथे कोणी विसरलेलं नाही. ते किनाऱ्याला घासून वर गेलं होतं. तेव्हाच्या रात्री काढलेल्या माणसाला मे महिना आणि वादळ हे दोन शब्द शेजारी दिसले की झोप येत नाही.

गुरुवारची गोष्ट. एक तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचे कप्तान, आले. माझ्या वडिलांच्या वयाचे, आम्ही त्यांना आबा म्हणतो. हातात नातवाचा मोबाईल, त्यावर वाऱ्याचा तो रंगीत नकाशा, जांभळे-लाल भोवरे फिरतायत. नातवाने लावून दिलेला. मी हवामान खात्याचं पत्रक उघडलं आणि वाचायला लागलो: ईशान्येला इतके किलोमीटर, ताशी इतका वेग, झंझावात इतका. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

"माका ह्या सगळा नको. बावटो कितीचो लागलो हा, ता सांग."

बंदरावर धोक्याच्या सूचनेचा बावटा लावतात. तीन नंबर म्हणजे बंदरात सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. पुढचे नंबर कशाकशाचे ते आबांना तोंडपाठ आहे, मला नाही. त्यांचा प्रश्न एका अंकाचा होता. नेटने त्यांना दोन भोवरे, चार बातम्या आणि एक व्हिडिओ दिला. त्या व्हिडिओत कुठल्या तरी परदेशातली छपरं उडत होती. मी पत्रकाच्या खालच्या भागात बंदरांसाठी दिलेली सूचना शोधून वाचून दाखवली. ते "बरा" म्हणाले आणि मोबाईल तिथेच विसरून निघाले.

ट्रेंड्सच्या आलेखात हाच शोध 'शक्ती चक्रीवादळ' म्हणून नोंदला गेला असणार. नातवाने तसंच टाइप केलं होतं. पण विचारणाऱ्याचा प्रश्न तो नव्हता. इतकी वर्षं काउंटरमागे बसून मला एवढंच कळलंय: माणूस शोधतो ते जवळ विचारायला कोणी उरलं नाही म्हणून, आणि शोधताना जो शब्द टाकतो तो बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

बावट्यामागे पैशाचाही प्रश्न होता. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्याआधीचे शेवटचे आठ-दहा दिवस म्हणजे खलाशांचा हिशेब फिटवायचे दिवस. समुद्रात जाऊ नका असा इशारा आला आणि ते दिवस पाण्यात गेले. कर्नाटकातले नि नेपाळमधले खलाशी परतीची तिकिटं काढायला माझ्याकडे उभे. 'मासेमारी बंदी किती तारखेपासून' हे मात्र त्या आठवड्यात बंदरावरच्या एकानेही शोधलं नाही. सगळ्यांना पाठ आहे. शोधलं ते पर्यटकांनी, मासे मिळतील का म्हणून.

सोमवारपासून दुसरी गर्दी होती ती दहावीच्या पोरांची. निकाल १३ मेला लागला होता, कोकण विभाग नेहमीप्रमाणे राज्यात पहिला, ९८.८२ टक्के. आतापर्यंत पुढची वाट सोपी होती. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जायचं, खिडकीवर छापील फॉर्म घ्यायचा, भरून द्यायचा. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावतीच्या पोरांना ऑनलाइन प्रवेशाची सवय होती. २०२५ ला पहिल्यांदा ती पद्धत अख्ख्या राज्याला लागू झाली. १९ आणि २० तारीख सरावासाठी होती. २१ ला, बुधवारी, खरी नोंदणी सुरू व्हायची होती आणि त्याच दिवशी संकेतस्थळाने मान टाकली. नवीन तारीख मिळाली २६ मे.

त्या बुधवारी माझ्याकडे जे शोधलं गेलं ते जवळपास एकच: 'अकरावी प्रवेश साइट उघडत नाही'. आता याचं उत्तर नेटवर काय मिळणार? ती उघडत नाही हेच. पण लोक शोधत राहिले, कारण गावात कोणालाच याचा अनुभव नव्हता. मोठ्या भावाला विचारावं तर त्याने खिडकीवर फॉर्म भरलेला. सरांना विचारावं तर सर माझ्याच दुकानात, माझ्याच शेजारी, तेच पान पुन्हा पुन्हा उघडून बघतायत.

नंतर २६ पासून जे चाललं ते कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगायलाच हवं. पोर इथे, आई इथे, पण घरचा म्हणून दिलेला मोबाईल नंबर बापाचा, आणि बाप मुंबईत ड्युटीवर. ओटीपी जातो तिकडे. पोरगी फोन लावते, "पप्पा, मेसेज बघा." पप्पा लोकलमध्ये, मग मशीनवर, मग साहेब समोर उभे. तो आकडे सांगतो तोवर वेळ संपलेली. परत पाठवा. तिसऱ्या वेळी मी स्वतःच फोन घेतला आणि म्हटलं, "भाऊ, जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं फोन हातात घेऊन बसा, आम्ही तेव्हाच करू." एक ते दोन या वेळेत मी त्या आठवड्यात दुसरं कामच घेतलं नाही. पोर्टल बनवणाऱ्यांच्या डोक्यात कुटुंब एका छताखाली राहतं. कोकणातलं कुटुंब मुंबई आणि गाव अशा दोन छतांखाली राहतं, पिढ्यान्‌पिढ्या.

तिकिटाचंही जाता जाता. मे अखेर म्हणजे चाकरमानी परतायच्या गडबडीत, पण तोंडात विषय गणपतीचा. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, त्या हिशेबाने ते एप्रिलअखेरीलाच मिळायला हवं होतं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे २७ ऑगस्टच्या गाडीचं तिकीट २८ जूनला सकाळी आठ वाजता. हे माहीत नसलेले मे महिन्यात रोज शोधत होते आणि 'गाड्या फुल्ल' समजून हळहळत होते. गाड्या फुल्ल नव्हत्या, खिडकीच उघडली नव्हती. मी पुठ्ठ्यावर तारीख लिहून दाराला टांगली आणि तो प्रश्न संपला.

'लाडकी बहीण मे हप्ता कधी' हा त्या आठवड्यातला रोजचा प्रश्न. यात एक बारकावा सांगतो, कारण उपयोगी आहे. बाई येते आणि म्हणते, "पैसे इले काय बघ रे झिला." ती पासबुक पुढे करते ते एका बँकेचं. पण योजनेचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला जी बँक जोडलेली आहे तिथे जातात. बायकांची खाती दोन-तीन असतात. एक जुनं सहकारी बँकेतलं, एक बचत गटाच्या वेळचं, एक कोणीतरी कॅम्प लावून उघडून दिलेलं. आधार शेवटी कुठे जोडलं गेलं ते तिला आठवत नाही. म्हणून 'हप्ता कधी' शोधण्यापेक्षा आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायचं. तिथे बँकेचं नाव येतं. एका काकींचे कित्येक महिन्यांचे पैसे अशा खात्यात साठले होते ज्याचं पासबुक त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा बघायला हवा होता. मला त्यांनी दुसऱ्या दिवशी फणसाचे गरे आणून दिले.

गाडीच्या नवीन नंबरप्लेटचाही तो काळ. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची, तेव्हाची मुदत ३० जून. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय ते सांगतो. एका रिक्षावाल्यासाठी शोधलं, सर्वात वर जे आलं त्यावर घाईत टिचकी मारली. पान अगदी सरकारी दिसणारं. चॅसिस नंबर, इंजिन नंबर सगळं टाकलं, पैसे भरले आणि पावती आली ती कुठल्या तरी माणसाच्या वैयक्तिक नावाने. वर आलेली ती जाहिरात होती. पैसे मी माझ्या खिशातून परत दिले. तेव्हापासून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आत जातो, शोधून नाही. लोकांना वाटतं पहिलं आलेलं ते खरं. सतरा वर्षं याच धंद्यात असलेल्या मलाही वाटलं होतं.

बागायतदारांनी काय शोधलं? फार नाही. आंब्याचा दर, कॅनिंगचा (रस डबाबंद करायला जाणाऱ्या आंब्याचा) दर हे नेटवर कोणी शोधत नाही. ते दलालाच्या फोनवर आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत फिरतं. पण त्या पावसात झाडावर राहिलेल्या शेवटच्या हापूसची वाट लागली, फळाला डाग पडले आणि जे पेटीत जायचं ते कॅनिंगच्या क्रेटमध्ये गेलं. एक बागायतदार मात्र वेगळंच मागायला आले: आपल्या महसूल मंडळात कुठल्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस पडला त्याची प्रिंट. फळपीक विमा हवामानावर आधारलेला असतो. तुमच्या बागेत काय झालं यापेक्षा मंडळाच्या केंद्रावर कोणत्या तारखेला काय मोजलं गेलं यावर तो चालतो. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय आकडे असतात. त्यांनी प्रिंट घेतली, चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "माझ्या बागेत पडलो तो पाऊस ह्यांच्या बाटलीत पडूक नाय."

२१ तारखेच्या संध्याकाळी वहीत एकही नोंद नाही. मुंबई इंडियन्सचा वानखेडेवर दिल्लीशी सामना होता आणि तो जिंकला तर पुढच्या फेरीत. याद्यांत वर दिसणारं क्रिकेट ते हेच. आम्हीही पाहत होतो, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

आणि कोणी शोधलं नाही त्याचं. २५ मेला रोहिणी नक्षत्र लागतं. आमच्याकडे धूळवाफ पेरणी म्हणजे कोरड्या मातीत भात टाकून ठेवायचं, पावसाने ते रुजून यायचं. त्या साली माती कोरडी राहिलीच नाही. तरवा, म्हणजे लावणीसाठी भाताची रोपं, कसा करायचा हा त्या आठवड्यातला गावातला सगळ्यात मोठा प्रश्न होता, आणि माझ्या काउंटरवर तो एकदाही आला नाही. तो देवळाच्या पायरीवर विचारला गेला, भिजलेल्या शेतात बोटं घालून बघत विचारला गेला. कोणी म्हणालं थांबा, कोणी म्हणालं चिखलात रहू, म्हणजे मोड आणलेलं भात, टाका. उत्तर द्यायला माणसं होती म्हणून मोबाईल लागला नाही. आणखी दहा वर्षांनी तोच प्रश्न माझ्या काउंटरवर येईल असं मला वाटतं, कारण पायरीवरची माणसं कमी होतायत.

दुखण्याखुपण्याचे, कर्जाचे, घरातल्या भांडणांचे शोध लोक रात्री आपापल्या फोनवर करतात. रिचार्जसाठी फोन माझ्या हातात येतो तेव्हा उघडी पानं दिसतात. त्याबद्दल मी बोलणार नाही.

रविवारी २५ ला हवामान खात्याने मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोहोचल्याचं जाहीर केलं. एरवी तो तळकोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. १९९० नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच आला, आणि त्याच्या उत्तर सीमेची रेषा काढली ती देवगडवरून. बातम्यांत दिवसभर आमच्या तालुक्याचं नाव. राज्यभरात देवगड शोधलं गेलं असणार त्या दिवशी. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं, कारण शनिवारपासून वीज नव्हती आणि टॉवरच्या बॅटऱ्या बसल्या होत्या. वीज कंपनीचा १९१२ हा नंबर लोक माझ्याकडे विचारायला येत होते, पण लावायला रेंज नव्हती. शेजारची आजी दारात येऊन माझ्या बंद स्क्रीनसमोर उभी राहिली. तिला नातवाने बोलून शोधायला शिकवलंय. मागच्या आठवड्यात तिने मोबाईलला विचारलं होतं, "पाऊस कधी थांबतलो?" आणि त्याने 'थांबत लो' असे दोन तुकडे करून काहीतरी भलतंच दाखवलं होतं. आता तिने तोच प्रश्न मला विचारला. मी म्हटलं, "आजी, आता ऑक्टोबरात."

तो 'शक्ती' खरा झाला तोही ऑक्टोबरातच. ३ तारखेला अरबी समुद्रात चक्रीवादळ झालं आणि यादीप्रमाणे तेच नाव मिळालं. तेव्हा आबा काउंटरवरून जात होते. मी हाक मारून सांगितलं, आबा, शक्ती आलं. ते न थांबता म्हणाले, "ता मे म्हयन्यात येवन गेला मा?"

वहीत त्या आठवड्याची शेवटची नोंद रविवार रात्रीची आहे, इन्व्हर्टरवर: चार्जिंग, सहा मोबाईल. पैशाच्या रकान्यात रेघ.